शिशाची दुय्यम खनिजे ओळखताना या चुका टाळा

नागपूरच्या भूशास्त्र विद्यार्थ्यांचा हात रामटेक-देवलापारकडच्या संगमरवरावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून तयार होतो. राजस्थानातल्या झावरच्या डोलोमाइटमधला शिशाचा नमुना समोर आला की हीच सवय नडते. सेरुसाइटवर (शिशाचे कार्बोनेट) हे आम्ल पडताच शिशाच्या क्लोराइडचा पांढरा थर बसतो, फेस थांबतो आणि वहीत ‘अँग्लेसाइट’ (शिशाचे सल्फेट) अशी नोंद होते. चाचणी भुकटीवर आणि विरल नायट्रिक आम्लानेच करा. सेरुसाइट फसफसते, अँग्लेसाइट नाही. कॅल्साइटही फसफसते, म्हणून आधी वजन बघा: कॅल्साइटची घनता २.७, सेरुसाइटची सुमारे ६.५.

‘खडक चुनखडीचा, म्हणजे पांढरे ते सगळे सेरुसाइट’ ही त्याहून मोठी चूक. गॅलेनाचे (शिशाचे सल्फाइड, म्हणजे मूळ खनिज) ऑक्सिडेशन होते तेव्हा आधी सल्फेट तयार होते, तेही कणाच्या अगदी पृष्ठभागावर. अँग्लेसाइटला गॅलेनाच्या सुमारे दीडपट जागा लागते. हे कडे घट्ट बसले की कार्बोनेटयुक्त पाणी आत पोचत नाही. मग मध्ये करडा गॅलेना, भोवती अँग्लेसाइट आणि बाहेर सेरुसाइट अशी रचना दिसते. नुसते बाहेरून पाहिले तर सेरुसाइटच दिसणार, तेव्हा नमुना कापून, पॉलिश करूनच बघा. शेजारी पायराइट (लोहाचे सल्फाइड) भरपूर असेल तर आम्लता टिकते आणि अँग्लेसाइटही. चुनखडीने आम्ल मारले की सेरुसाइटचे राज्य, कारण ते पाण्यात अँग्लेसाइटहून कितीतरी कमी विरघळते.

शिसे फारसे हलत नाही, जस्त मात्र पाण्याबरोबर निघून जाते आणि बाजूच्या कार्बोनेट खडकात स्मिथसोनाइट (जस्ताचे कार्बोनेट) होऊन बसते. त्यामुळे गोसानमध्ये (सल्फाइड साठ्यावरचा गंजलेला, लोहयुक्त थर) जस्त कमी सापडले म्हणून खालीही नाही, असे लिहू नका.

पोटॅशियम आयोडाइडची चाचणीही फसवते. पिवळा साका आला की शिसे, हे खरे. पण आम्ल तीव्र असेल किंवा गोसानमधले फेरिक लोह द्रावणात उतरले असेल तर आयोडीन सुटून रंग तपकिरी-पिवळा होतो. सोडियम थायोसल्फेटचा एक थेंब टाका: आयोडीनचा रंग जातो, साका राहतो. आयोडाइड जास्त झाले तर साकाही विरघळतो, तेव्हा थेंब मोजूनच.

आणि विश्लेषणात फक्त एकूण शिसे मागू नका. ॲसिटिक आम्लयुक्त अमोनियम ॲसिटेटमध्ये सेरुसाइट व अँग्लेसाइट विरघळतात, गॅलेना जवळपास तसाच राहतो. हा आकडा वेगळा नसेल तर फ्लोटेशनमध्ये (फेसावर खनिज तरंगवून वेगळे करताना) झँथेट, म्हणजे कण फेसाला चिकटवणारे रसायन, घालूनही शिसे शेपटीत (टाकाऊ भागात) का जाते, हे कळत नाही. ऑक्सिडाइज्ड शिशाला आधी सोडियम सल्फाइड लागते, तेही बेताने; जास्त झाले की गॅलेनाच दबतो, म्हणजे तरंगत नाही.