जुन्या नाट्यगृहाच्या लाकडाला हात लावण्याआधी

सोलापुरात सुतारकाम शिकलेली बहुतेक मुलं फर्निचरकडे वळतात, कारण तिथे पैसा लवकर दिसतो. जुनं लाकूड जपण्याच्या कामात यायचं असेल तर रंध्यापेक्षा डोळे जास्त वापरायची तयारी ठेवा.

आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स एक वर्षाचा आहे, तो जरूर करा. पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) आणि गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) तिथे हातात बसतात. पुढचं सगळं जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली. आपल्याकडे कामावर मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही चालतात, त्यामुळे कान उघडे ठेवले की खूप शिकायला मिळतं.

मी शहरातल्या एका जुन्या नाट्यगृहात बाल्कनीच्या कठड्यावर काम केलं. कातीव, म्हणजे लेथवर फिरवून घडवलेले सागवानी खांब आणि त्यावर तैलरंगाचे थर. नवख्याचा हात लगेच पॉलिश पेपरकडे जातो. तसं करू नका. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की ती धूळ पोटात, छातीत जाते. शिवाय कातकामाच्या धारदार कडा एकदा झिजल्या की गेल्याच.

आधी आडोशाचा कोपरा निवडा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तिथे हलकेच फिरवा. बोळा तपकिरी, चिकट झाला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. ते स्पिरिटने उतरतं आणि त्यावर नवा चपडा छान बसतो. काहीच उतरलं नाही तर वर तैलरंग किंवा व्हार्निश आहे, तिथे वेगळा उपाय. स्पिरिट उघडं असताना जवळपास बिडी किंवा वेल्डिंग बिलकूल नको.

मग पेचकसाच्या मुठीने प्रत्येक खांब ठोकून ऐका. बद्द आवाज आला की आतून पोखरलेलं आहे. आमच्या कठड्याची भिंतीत रुतलेली टोकंच वाळवीने खाल्ली होती, कारण भिंतीला ओल होती. ओल थांबवल्याशिवाय लाकूड बदलणं म्हणजे वाळवीला नवं ताट वाढणं. मिस्त्रींनी अख्खा खांब बदलू दिला नाही. कुजका भाग तेवढा कापून, रेषेला रेषा जुळवून जुन्या सागवानाचं ठिगळ बसवलं. ठिगळाचं लाकूड आधी काही आठवडे त्याच सभागृहात पडू द्या. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो, बाहेरून आणलेलं लाकूड इथे आकसतं आणि सांधा उघडतो. पॉलिशही हवा बघून करा. मे महिन्याच्या दुपारी स्पिरिट इतकं झपाट्याने उडतं की हाताचे पट्टे उमटतात, तर सप्टेंबरच्या दमट हवेत चपडा पांढरट पडतो. हिवाळ्याची सकाळ उत्तम.

फोटो आणि मापं यांना कारकुनी काम समजू नका. कोल्हापूरचं 1915 सालचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. अशा वेळी जुनं रूप परत उभारायला नोंदीच कामी येतात. म्हणून खांब सोडवण्याआधी प्रत्येकाला नंबर द्या, फोटो काढा, कोणता सांधा कुठे होता ते वहीत लिहा आणि काम संपल्यावर त्या वहीची एक प्रत नाट्यगृहाच्या कार्यालयात द्या.