क्लाउनफिश आजारी पडलाय? बाटली उघडायच्या आधी या चुका टाळा

क्लाउन जरा सुस्त दिसला की बहुतेक जण फोटो काढून दुकानदाराला पाठवतात, तो "दोन झाकणं टाका, होईल बरा" म्हणून निळ्या नाहीतर पिवळ्या बाटलीचं नाव सांगतो आणि अर्ध्या तासात ती बाटली थेट मेन टँकमध्ये ओतलेली असते. खरा घोळ इथून सुरू होतो. गप्पी-मॉलीच्या गोड्या पाण्याच्या टँकमध्ये असलं बऱ्याचदा खपून जातं, पण क्लाउनच्या समुद्री टँकमध्ये लाइव्ह रॉकवरचे (जिवंत बॅक्टेरिया असलेल्या सच्छिद्र दगडांवरचे) बॅक्टेरिया हेच तुमचं फिल्टर असतं. ते मेले की मूळ आजार राहतो बाजूला आणि अमोनियानेच सगळा टँक जातो. म्हणून बाटली ठेवा बाजूला आणि आधी मासा नीट बघा.

डाग मोजत बसू नका, कल्ले बघा

सगळ्यांचं लक्ष पांढऱ्या डागांकडे. पण मासा डागांनी मरत नाही, श्वास कोंडून मरतो. परजीवी कल्ल्यांना चिकटतात, कल्ले सुजतात, ऑक्सिजन मिळेनासा होतो, आणि हे अंगावर काही दिसायच्या आधीसुद्धा सुरू झालेलं असू शकतं. त्यामुळे मासा ठणठणीत असतानाच एकदा घड्याळ लावून मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात ते मोजून कुठेतरी लिहून ठेवा, शंका आली की परत मोजा. श्वास नेहमीसारखाच आहे आणि खातोय, तर तुमच्याकडे वेळ आहे. आकडा खूप वाढलाय, खाणं बंद झालंय, तोंड उघडं ठेवून पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत उभा राहतोय, तर मात्र "उद्या रविवार आहे, निवांत बघू" चालणार नाही, रविवारपर्यंत तो राहीलच असं नाही.

पाणी न तपासता निदान करू नका

एकच मासा बिघडलाय की सगळेच, हे आधी ठरवा. सगळेच एकदम धापा टाकायला लागले तर पहिला संशय पाण्यावर घ्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, ग्रॅव्हिटी (पाणी किती खारं ते सांगणारा आकडा) १.०२५ च्या आसपास, तापमान २५ ते २७, पीएच ८.१ ते ८.४. यातलं काही हललं असेल तर औषध नको, पाणी बदला.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हमखास होणारी गोष्ट म्हणजे टँक ३० च्या वर जातो, मग वर पंखा लावला जातो, पंख्याने पाणी भराभर उडतं आणि कमी झालेलं पाणी भरायला लोक तयार खारं पाणी ओततात. अहो, उडतं ते पाणी, मीठ तिथेच राहतं! टॉप-अप कायम आरओ-डीआयच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याने करायचा. खारटपणा मोजायला तो पाते हलणारा प्लास्टिकचा स्वस्त हायड्रोमीटर असेल तर त्याच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, पात्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तोही अधूनमधून कॅलिब्रेट करा.

लाइट जाणं हा आपला दुसरा विषय. समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्यापेक्षा साधारण २० टक्के कमी मावतो, पाणी गरम असेल तर आणखी कमी, त्यामुळे मे महिन्यात रात्री दोन-तीन तास लाइट गेली की सकाळी सगळे मासे वर तोंड काढून असतात आणि घरातले म्हणतात रोग आला. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, हजारो रुपयांच्या लाइट्सपेक्षा तो जास्त उपयोगाचा आहे.

आणि "थोडं मीठ टाका" हा गोड्या पाण्यातला सल्ला इथे देणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हा. खडामीठ टाकून किंवा चौपाटीवरून कॅन भरून आणून केलेल्या पाण्यात तर हे मासे ठेवूच नका.

धडधाकट माशाला रोगी ठरवू नका

क्लाउन मुळातच विचित्र पोहतो. रात्री पाण्याच्या वर तिरका होऊन, कधी काचेला टेकून झोपतो. छोटा नर मोठ्या मादीसमोर अंग थरथरवतो, ती आकडी नव्हे, "बाई तूच मोठी" असं तो सांगत असतो. नवीन अ‍ॅनिमोनी किंवा कोरलमध्ये घुसायला लागला की अंगावर काळपट डाग येऊ शकतात, बरेचदा ते आपोआप जातात. यातल्या कशालाही औषध लागत नाही. एकाचेच पंख फाटलेत आणि तो कोपऱ्यात दबून असतो, तर बहुतेक दुसरा त्याला मारतोय, त्याला वेगळा करा.

पांढरं दिसलं की "इच" म्हणू नका

सगळ्यात जास्त मासे या चुकीने जात असावेत असं माझं मत. क्लाउनवर पांढरं दिसणारे मुख्य रोग तीन, आणि तिन्हीला एकच औषध नाही.

इच म्हणजे मिठाच्या कणाएवढे सुटे सुटे ठिपके. मासा दगडाला अंग घासतो पण सुरुवातीला खात असतो. वेल्व्हेट म्हणजे अंगावर बारीक पावडर भुरभुरल्यासारखी, तीसुद्धा टॉर्च तिरका मारला तरच दिसते, मासा उजेड टाळतो, धारेत उभा राहतो, श्वास फार जोरात, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपू शकतो. तिसरा ब्रुकलिनेला, थोडक्यात ब्रुक, हा क्लाउनमध्ये इतका दिसतो की त्याला क्लाउनफिश डिसीजच म्हणतात. यात ठिपके नसतात, शेंबडासारखा पांढरट थर अंगावरून सुटत असतो, कातडीचे पापुद्रे निघाल्यासारखे दिसतात, रंग फिका पडतो. नवीन आणलेल्या, प्रवासाने दमलेल्या, समुद्रातून पकडलेल्या माशांत हा जास्त. टँकब्रेड, म्हणजे टँकमध्येच पैदास केलेला मासा घ्या म्हणतात ते यासाठीपण, आता आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) क्लाउनची पैदास करून दाखवलेली आहे, त्यामुळे मिळत नाही असं नाही. पण टँकब्रेड मासा दुकानात पकडलेल्या माशांच्याच पाण्यात आठवडाभर राहिला असेल तर त्या लेबलला काही अर्थ उरत नाही, हे विचारून घ्या.

आता औषध. इच आणि वेल्व्हेटला कॉपर (तांब्याचं औषध) चालतं. ब्रुकला कॉपर चालत नाही, आणि लोक नेमकं तिथेच कॉपर देऊन चार दिवस वाट बघतात. ब्रुकला फॉर्मलिनचा बाथ लागतो. ग्रॅव्हिटी १.००९ पर्यंत उतरवायची हायपोसॅलिनिटीची, म्हणजे पाण्यातलं मीठ कमी करायची ट्रिक फक्त इचवर चालते, वेल्व्हेटवर त्यात वेळ घालवलात तर मासा गेला.

फॉर्मलिन आपल्याला माहितीय ते २०१८ ला गोव्यात मासळीत सापडलं म्हणून गदारोळ झाला तेव्हापासून. ते तेच आहे, विषारी आणि कॅन्सरकारक, त्यामुळे ग्लोव्हज, उघडी खिडकी, पोरं लांब. ३७ टक्क्यांच्या द्रावणाचं प्रमाण १० लिटर टँकच्याच पाण्याला दीड मिली, वेगळ्या बादलीत, अर्धा ते पाऊण तास, आणि एअर स्टोन फुल सोडलेला, कारण फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं. पूर्ण वेळ बादलीजवळ बसायचं, मासा आडवा पडायला लागला की लगेच स्वच्छ पाण्यात. बाटलीच्या तळाला पांढरा साका बसलेला असेल तर ती बाटली वापरायची नाही, तो साका माशाला जास्त घातक असतो. बाथनंतर मासा त्याच टँकमध्ये परत सोडला तर सगळी मेहनत वाया, तो स्वच्छ क्वारंटाइनमध्येच (उपचारासाठीच्या वेगळ्या टाकीत) जायला हवा.

औषध हाताशी नाही आणि मासा धापा टाकतोय, तर गोड्या पाण्याचा डिप द्या. आरओचं पाणी, तासभर आधी हवा सोडून, तापमान टँकएवढं, चिमटीभर खायचा सोडा टाकून पीएच जुळवलेला, पाच मिनिटं. याने रोग बरा होत नाही, थोडा आराम पडतो आणि एक रात्र मिळते. डिपनंतर भांड्याच्या तळाला तिळाएवढे पांढुरके तुकडे पडलेले दिसले तर ते फ्लूक्स (चपटे परजीवी किडे), त्यांना प्राझिक्वांटेल हे जंतनाशक लागतं, म्हणजे चौथीच केस.

"रीफ सेफ" बाटली, लसूण आणि कोळंबी

कोरल, कोळंबी, गोगलगायींना काही न होता परजीवी तेवढे मरतील असं लिहिलेल्या बाटल्या मिळतात. इच-वेल्व्हेट खरोखर मारेल एवढा डोस कोरलला सहसा झेपत नाही, आणि कोरलला झेपेल एवढ्यात परजीवी मरत नाहीत. लसणाने मासा कदाचित चवीने खाईल, बरा होणार नाही. क्लीनर श्रिम्प दिसायला छान, पण इचचा इलाज म्हणून तिच्यावर विसंबू नका.

उलट टोकाची चूक म्हणजे कॉपर मेन टँकमध्ये टाकणं. कोळंब्या, गोगलगायी, कोरल सगळं मरतं, वर रॉक आणि वाळू कॉपर शोषून घेतात, मग पुढे त्या टँकमध्ये असलं काही ठेवायचं म्हणजे जुगार.

क्वारंटाइन टँकमध्ये होणारे घोळ

वीस-तीस लिटरची उघडी टाकी, हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, बास. वाळू-दगड नको, औषध शोषतात. स्पंज आधीपासून सम्पमध्ये (मेन टँकच्या फिल्टरच्या टाकीत) टाकून बॅक्टेरिया बसलेला असेल तर उत्तम, नसेल तर दोन दिवसांत अमोनिया चढतो आणि मासा त्याने जातो, आपण समजतो रोगाने गेला. रोज टेस्ट, रोज थोडं पाणी बदल, आणि बदललेल्या पाण्यात तेवढंच औषध परत. कार्बन काढा, यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद.

अमोनिया वाढला म्हणून कॉपर चालू असताना प्राइमसारखं अमोनिया निष्प्रभ करणारं कंडिशनर टाकू नका. क्युप्रामाइनसारख्या कॉपरबरोबर ते मिसळलं की कॉपर जास्त विषारी होतं. तिथे पाणी बदलणं हाच मार्ग. क्युप्रामाइनची पातळी ०.५ पीपीएमच्या आसपास, कॉपर पॉवरसारख्या चिलेटेड प्रकाराची २ ते २.५, एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर एकतर मासा मरेल नाहीतर परजीवीला काहीच होणार नाही. तुमच्या कॉपरला चालणारं टेस्ट किट नसेल तर कॉपर सुरूच करू नका. पातळी एकदम नाही, दोन दिवसांत हळूहळू चढवा. आणि टाकी किती लिटरची लिहिलीय ते सोडा, आत खरंच पाणी किती आहे ते मोजा.

डाग गेले म्हणून थांबू नका

इचचा परजीवी माशावर तीन ते सात दिवस राहतो, मग स्वतःच गळून वाळूत कवच करून बसतो आणि त्यातून शेकडो नवीन पोहत बाहेर येतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी अंग स्वच्छ दिसतं ते औषधाने नाही, बऱ्याचदा ते तसंच होणार असतं. लोक खूश होऊन औषध बंद करतात, आठवड्या-दोन आठवड्यांनी आधीपेक्षा जास्त ठिपके. कॉपर पूर्ण पातळीवर ३० दिवस द्या. मधल्या काळात मेन टँकमध्ये एकही मासा नको, दगडात लपून न दिसणारा छोटा गोबी मासासुद्धा नको, त्या एकावर सायकल चालू राहते. रिकामा किती दिवस ठेवायचा यावर मतं वेगळी, २७ अंशाला सहा-सात आठवडे पुरतात असं बरेच जण म्हणतात, मी मात्र जुना ७६ दिवसांचाच नियम पाळा म्हणेन. जाळी, पाण्याचा मग, ओले हात, सगळं वेगळं ठेवा.

या काळात खाणं जबरदस्तीने वाढवू नका. मायसिस किंवा ब्राइन श्रिम्प (बारीक कोळंबीसारखं खाद्य) चिमूटभर, दोन-तीन मिनिटांत उरलेलं काढून टाका. अजिबात खात नसेल तर पेलेट (दाण्यांचं खाद्य) बदलत बसण्यापेक्षा परत श्वास मोजा.

जोडीतला एकच जखमेसाठी वगैरे वेगळा ठेवला असेल तर परत सोडताना सरळ सोडू नका, तीन-चार आठवड्यांत आत राहिलेल्याने घर आपलं केलेलं असतं आणि मोठी मादी असेल तर बरा झालेला नर पहिल्याच तासात फाडला जाऊ शकतो. जाळीच्या किंवा पारदर्शक डब्यात तीन-चार दिवस आत लटकवा, दोघांना एकमेकांसमोरच खायला घाला, मादी डब्यावर धडका मारायची थांबली की मग संध्याकाळी लाइट मंद करून डबा उघडा.