बँकेत इंटर्नशिपला जाताना काय घालायचं

ऑफर लेटर हातात पडलं की लगेच खरेदीला निघू नका. आधी एचआरला किंवा त्या टीममधल्या कुणाला तरी दोन ओळींचा मेल टाका: आपल्या विभागात रोज काय घालतात, आणि क्लायंट येतात त्या दिवशी काय घालतात? नुसतं ‘ड्रेस कोड काय आहे?’ असं विचारलंत, तर ‘बिझनेस कॅज्युअल’ एवढंच उत्तर येतं आणि त्यातून काहीही कळत नाही. एकाच बँकेत मजल्यागणिक तऱ्हा बदलते. गुंतवणूक बँकिंग (कंपन्यांसाठी भांडवल उभारणारा विभाग) आणि श्रीमंत ग्राहकांची संपत्ती सांभाळणारे विभाग अजून सूटच्या जवळचे. शाखेत साधा फॉर्मल शर्ट-पँट, काही ठिकाणी बँकेचाच गणवेश. टेक्नॉलॉजीच्या मजल्यावर जीन्सही खपून जाते.

नियम सैल झालेत हे खरं. अमेरिकी बँकांपैकी जेपी मॉर्गन चेसने 2016 मध्ये आणि गोल्डमन सॅक्सने 2019 मध्ये रोजच्या सूटची सक्ती काढली. पण मेख दोन्हीकडे तीच: समोर कोण भेटणार ते पाहून कपडे निवडा. इंटर्नची अडचण अशी, की दुपारी आपल्याला कुठल्या मीटिंगला बसवतील हे त्याला सकाळी ठाऊक नसतं. म्हणून पहिला आठवडा सांगितल्यापेक्षा एक पायरी जास्त फॉर्मल जा, वरिष्ठ नव्हे तर एक-दोन वर्षं जुने सहकारी काय घालतात ते बघा, आणि मग टाय उतरवायचा की नाही ते ठरवा. जादा असेल ते काढता येतं. घरी राहिलेलं जॅकेट मात्र अकरा वाजता उपयोगी पडत नाही.

सूट: पैसे खांद्यावर घालवा

पहिला सूट नेव्ही ब्लू, दुसरा गडद राखाडी. काळा नको, दिवसाउजेडी तो समारंभाचा वाटतो आणि त्यावर धूळ, केस, धागा सगळं उठून दिसतं. कापड साधं, चौकडी किंवा ठळक रेघा नसलेलं. चार चौघांत उठून दिसणारा सूट लोकांच्या लक्षात राहतो आणि तो तुम्ही आठवड्यात तीनदा घातलात हेही त्यांच्या लक्षात येतं.

दुकानात किमतीच्या आधी खांदा बघा. जॅकेटची खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाशीच संपायला हवी. बाहेर लोंबत असेल किंवा बाहीच्या वर खळगा पडत असेल, तर ते जॅकेट तिथेच ठेवा. खांदा, छाती आणि जॅकेटची लांबी टेलरला सहजी बदलता येत नाही. बदललीच, तर खर्च फार आणि आकार बिघडायची भीती. कंबर आत घेणं, बाही आखूड करणं, पँटची उंची कमी करणं ही मात्र रोजची कामं. वरचं बटण लावल्यावर पोटाशी इंग्रजी ‘एक्स’सारख्या चुण्या पडल्या तर घट्ट, आणि दोन्ही मुठी आत गेल्या तर ढगळ. हात सरळ खाली सोडल्यावर शर्टाचा कफ बाहीखालून साधारण एक ते दीड सेंटीमीटर दिसावा.

नवा सूट घरी आला की पाठीमागच्या चिरेवर फुलीसारखे घातलेले कच्चे टाके कापा. खांद्यावर किंवा खिशांवर असेच टाके असले तर तेही काढा, आणि बाहीवर बाहेरून शिवलेलं कंपनीचं लेबलही. पहिल्या दिवशी सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती सुधारायला पाच मिनिटं लागतात. दोन बटणांच्या जॅकेटचं फक्त वरचं बटण लावायचं. बसताना तेही सोडायचं, नाहीतर कापड ओढलं जातं.

शक्य तर लोकरी किंवा लोकर जास्त असलेलं कापड घ्या. पॉलिस्टर घाम धरून ठेवतं, आणि थेट गरम इस्त्री फिरली की गुडघ्यावर, बसायच्या जागी चकाकी येते. ती सहसा जात नाही. इस्त्री नेहमी उलट्या बाजूने किंवा वर ओलसर सुती कापड टाकूनच करा. एका जॅकेटमागे दोन पँट घेतल्या तर उत्तम, कारण जॅकेट खुर्चीवर टांगलेलं असतं आणि झिजते ती पँट. एकदा घातल्यावर तिला एक दिवस विश्रांती द्या. दर आठवड्याला ड्रायक्लीन करू नका. ब्रश मारून हवेशीर टांगलं की बऱ्याचदा भागतं.

शर्ट, टाय, बूट

शर्ट पाच किंवा सहा: तीन पांढरे, बाकी फिकट निळे. पाचच असतील तर धुणं शनिवारी झालंच पाहिजे. कॉलरचं बटण लावून एक-दोन बोटं आत जावीत. त्याहून सैल असेल तर टाय ओढताच कॉलर गोळा होते. कॉलरमधल्या पट्ट्या धुण्याआधी काढा, नाहीतर इस्त्रीत त्यांचा ठसा उमटतो. काखेतले पिवळे डाग घाम आणि डिओडरंटमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या संयोगाने पडतात. त्यांवर क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर ते आणखी पिवळे होतात. ऑक्सिजन ब्लीचच्या (क्लोरीन नसलेल्या ब्लीचच्या) पाण्यात भिजवा.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन दिसतं, त्वचेच्या रंगाचं दिसत नाही. यूबीएस या स्विस बँकेने 2010 मध्ये चाळीसहून अधिक पानांची पोशाख-नियमावली काढली होती, तीत अंतर्वस्त्रं त्वचेच्या रंगाची असावीत असंही लिहिलं होतं. जगभर खिल्ली उडाली आणि नियमावली बदलावी लागली. सल्ला मात्र बरोबर होता!

टाय दोन पुरेत, सात-आठ सेंटीमीटर रुंद. टोक पट्ट्याच्या बक्कलपर्यंत यावं. बूट काळे, चामड्याचे, बंदांचे. पट्टा त्याच रंगाचा. बुटांची खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पहिल्या दिवसाआधी आठवडाभर घरात घालून ते पायात बसवा. मोजे पोटरीपर्यंतचे हवेत, पाय दुमडून बसल्यावर कातडी दिसू नये.

मुलींसाठी

पँटसूट किंवा ब्लेझरसोबत सरळ पँट हा सर्वांत कमी कटकटीचा पर्याय. स्कर्ट घ्यायचा तर उभं राहून ठरवू नका; ट्रायल रूममध्ये बसा, पायावर पाय टाका, खाली पडलेलं पेन उचला. गुडघ्याच्या वर फार सरकला तर तो स्कर्ट ऑफिसचा नाही. ब्लाउजची परीक्षा खिडकीसमोर करा, दुकानातल्या पिवळ्या दिव्यात पारदर्शकपणा कळत नाही. छातीवर दोन बटणांमध्ये फट पडत असेल तर एक माप मोठं घ्या आणि कंबर टेलरकडून आत घ्या, किंवा आतून छोटं टिचबटण लावून घ्या. टाच तीन ते पाच सेंटीमीटर आणि जाड. मजल्या-मजल्यांवर फायली पोहोचवत फिरताना उंच, टोकदार टाच दुपारपर्यंतही टिकत नाही. बांगड्या, ब्रेसलेट टेबलावर आपटून आवाज करत असतील तर घरी ठेवा.

सुगंधी द्रव्य मुलामुलींनी दोघांनीही जपून वापरावं. शेजारी हातभर अंतरावर दिवसभर बसणाऱ्याला ते सोसावं लागतं.

शुक्रवारचा ‘कॅज्युअल’ म्हणजे टाय नाही आणि सूट नाही, एवढंच समजा: फॉर्मल पँट, कॉलरचा शर्ट, चामड्याचे बूट. जीन्स, टी-शर्ट, स्पोर्ट शूज तुमच्या टीममधल्या बहुसंख्यांच्या अंगावर दिसेपर्यंत थांबा.

पाठीवरची सॅक जॅकेटचा खांदा घासून कापडावर गोळे आणते, त्यामुळे हाताची किंवा एका खांद्याची साधी बॅग बरी. आणि टेबलाच्या खणात एक इस्त्री केलेला पांढरा शर्ट, मोज्यांचा जोड, सुईदोरा, डाग काढायचं पेन आणि पायाच्या फोडांसाठी चिकटपट्ट्या कायम असू द्या. कॉफी नेमकी मीटिंगच्या दहा मिनिटं आधीच सांडते.