ट्रेगवर काम सुरू करताय?

एमएस्सी संपवून आमवाताच्या लॅबमध्ये आलेलं जवळजवळ प्रत्येक पोर पहिल्याच आठवड्यात हेच म्हणतं: "रुग्णांच्या रक्तातल्या ट्रेग मोजू. कमी निघतील, पेपर होईल." ट्रेग, म्हणजे रेग्युलेटरी टी-पेशी, बाकीच्या प्रतिकारपेशींना आवर घालतात. मग आजारात त्या कमीच असणार, असं वाटणं साहजिक आहे.

पण सुजलेल्या गुडघ्यातून काढलेलं पाणी तपासलंत तर तिथे ट्रेगचं प्रमाण बहुधा रक्तापेक्षा जास्तच निघतं. सूज मात्र हटत नाही, कारण तिथल्या भडकलेल्या टी-पेशी त्यांना जुमानत नाहीत. म्हणून माझा सल्ला: मोजणीवर थांबू नका, दाबण्याचं काम होतंय का ते बघा.

इतिहासातलं किमान एवढं माहीत हवंच. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी उंदराच्या टी-पेशींमधून सीडी२५ (पेशीच्या पृष्ठभागावरचं, ओळखखूण म्हणून वापरलं जाणारं प्रथिन; पुढची सीडी४, सीडी१२७ हीही तशीच) असलेल्या पेशी वगळल्या आणि उरलेल्या, थायमस (टी-पेशी जिथे घडतात ती ग्रंथी) नसलेल्या उंदरांना टोचल्या. त्या उंदरांच्या थायरॉइडवर, जठरावर हल्ला झाला. वगळलेल्या पेशी सोबत दिल्या की तो टळला; त्याच ट्रेग. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ हा ट्रेग घडवणारा जीन सापडला. तो बिघडला की मुलग्यांना लहानपणीच आयपेक्स हा, प्रतिकारपेशी स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, भयंकर आजार होतो. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं, तेव्हापासून या विषयाकडे ओढा वाढलाय.

आता टेबलावरचं काम. फॉक्सपी३ जीनचं प्रथिन, म्हणजे ट्रेगची खूण, असतं केंद्रकात. ते रंगवायचं तर पेशीला भोकं पाडावी लागतात आणि ती मरते. जिवंत ट्रेग हव्या असतील तर सीडी४ असलेल्या, सीडी२५ भरपूर आणि सीडी१२७ कमी असलेल्या पेशी सॉर्टरवर (खुणांवरून पेशी निवडणारं यंत्र) वेगळ्या करायच्या. शिवाय माणसाच्या साध्या टी-पेशीही उत्तेजित झाल्या की थोडा काळ फॉक्सपी३ दाखवतात, त्यामुळे उंदरावर शिकून आलेले इथे हमखास गोंधळतात.

हिशेबही आधीच करा. १० मिली रक्तातून साधारण १ कोटी पांढऱ्या एककेंद्री पेशी मिळतात. त्यात सीडी४ असलेल्या ३०-४० लाख, आणि ट्रेग त्यांच्या ५ ते १० टक्के. सॉर्टिंगमधली गळती धरली तर हातात लाख-दीड लाख उरल्या तरी नशीब म्हणायचं. सप्रेशन असेचे (ट्रेग इतर टी-पेशींचं विभाजन रोखतात का, ही चाचणी) किती वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे, बसतील ते यावरच ठरतं.

त्या चाचणीत एक कंट्रोल (तुलनेसाठीचा वेल) बरेच जण गाळतात: ट्रेगऐवजी तेवढ्याच साध्या टी-पेशी घातलेला वेल. तो नसेल तर विभाजन ट्रेगनी रोखलं की निव्वळ गर्दीनं, हे सांगता येत नाही, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

ओपीडीतल्या डॉक्टरांशी सुरुवातीलाच बोलून घ्या. स्टेरॉइड सुरू होण्याआधीचं रक्त मिळालं तर उत्तमच. नाहीतर प्रत्येक नळीसोबत औषध, डोस आणि तारीख वहीत लिहून ठेवा.