घरच्या डेस्कटॉपवर स्पॅम गाळताय? या चुका टाळा

लिनक्स टाकलेला एक जुना डेस्कटॉप, त्यावर मेल उचलून आणणारा फेचमेल, तो घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स, फोल्डरात ठेवून दाखवणारा डोव्हकॉट आणि गुण देऊन स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन. नागपुरात धरमपेठेतलं सीएचं ऑफिस असो की इतवारीतल्या व्यापाऱ्याची गादी, एवढ्यात काम भागतं. अडतं ते नेटवरून उचललेल्या सेटिंगमुळे. ती लिहिलेली असते डेटा सेंटरमधल्या सर्व्हरसाठी, जिथे बाहेरचा मेल थेट येऊन धडकतो. आपल्याकडचा मेल जीमेलने किंवा डोमेनवाल्या कंपनीने आधीच स्वीकारलेला असतो, आपण तो फक्त उचलून आणतो. हा फरक लक्षात न घेता कॉपी-पेस्ट केलं की खालचे घोळ होतात.

स्पॅम परत पाठवायचा हट्ट

स्पॅमवर लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा तरी चोरलेला असतो. तुम्ही 'असा पत्ता नाही' म्हणून मेल परत टाकला, तर तो त्या निरपराध माणसाच्या इनबॉक्सात पडतो आणि स्पॅमर म्हणून नाव तुमच्या खात्याचं खराब होतं. ग्रेलिस्टिंगचंही तेच. अनोळखी सर्व्हरला 'थोड्या वेळानं ये' म्हणून टोलवायची ती युक्ती आहे, पण तुमच्या पोस्टफिक्सला मेल देणारा एकच, तो म्हणजे तुमचाच फेचमेल. तो पुढच्या फेरीला येणारच! पोस्टफिक्समधली ब्लॉकलिस्टची (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या यादीची) ओळही काढून टाका, कारण त्याला प्रत्येक मेल १२७.०.०.१ वरूनच, म्हणजे याच मशीनवरून, आलेला दिसतो. निवाडा स्पॅमअसॅसिनला करू द्या, सिव्हचा (डोव्हकॉटमध्ये मेल आपोआप फोल्डरात लावायच्या सोयीचा) नियम लावून स्पॅम वेगळ्या फोल्डरात टाका आणि तिथून आपोआप काहीही डिलीट होऊ देऊ नका.

डोमेनचा एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद) थेट घरच्या ब्रॉडबँडवर वळवायच्या भानगडीतही पडू नका. आयपी बदलता असतो, पोर्ट २५ बरेचदा बंद असतो. बाहेर जाणारा मेल प्रोव्हायडरच्या सर्व्हरमार्फत पोर्ट ५८७ वरून पाठवा आणि पोस्टफिक्सला फक्त लूपबॅकवर, म्हणजे याच मशीनचं, ऐकायला सांगा, म्हणजे ओपन रिले (कोणाचाही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर) व्हायची भीती राहत नाही.

८.८.८.८ वर भिस्त

ब्लॉकलिस्टचे नियम चालूच नाहीत असं वाटलं, तर आधी राउटरचं डीएनएस (नावावरून पत्ता शोधायची सेटिंग) बघा. ब्लॉकलिस्ट चालवणाऱ्या स्पॅमहाउसची मोफत सेवा गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरवरून) आलेल्या चौकशीला खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा नकाराचा कोड देते. 'काहीही उत्तर आलं म्हणजे आयपी यादीत आहे' असं मानणारी सेटिंग असेल, तर बँकेच्या मेलपासून मामेभावाच्या मेलपर्यंत सगळंच स्पॅममध्ये जातं. मेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत) 'यूआरआयबीएल ब्लॉक्ड' हा नियम दिसला, तरी रोग हाच समजा. उपाय सोपा आहे. डेस्कटॉपवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, त्याला चौकशी पुढे कोणाकडे ढकलू देऊ नका आणि स्पॅमअसॅसिनचा डीएनएस सर्व्हर १२७.०.०.१ ठेवा.

याच्याच जोडीची चूक म्हणजे स्पॅमअसॅसिनमधले 'ट्रस्टेड नेटवर्क्स' आणि 'इंटर्नल नेटवर्क्स' रिकामे सोडणं. तुमच्या प्रोव्हायडरचे मेल घेणारे सर्व्हर कोणते, हे स्पॅमअसॅसिनला सांगावं लागतं. त्यांच्या अलीकडचे मशीन आपले, पलीकडचा पहिला आयपी तपासायचा. हे चुकलं की तो प्रोव्हायडरच्याच मशीनची ब्लॉकलिस्टमध्ये चौकशी करत बसतो आणि खरा पाठवणारा सुटतो.

शिकवणी अर्धवट

स्पॅमअसॅसिनमधलं बेझचं फिल्टर (शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणारं) 'चालत नाही' ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ते सुरूच झालेलं नसतं. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय ते गुण देत नाही. लोक वैतागून स्पॅम तेवढा शिकवतात, चांगला मेल शिकवतच नाहीत. वाईट तांदूळच दाखवले तर निवडणाऱ्याला चांगला कसा कळावा?

दुसरी गंमत अशी की शिकवणी होते रूट (मशीनचा मुख्य युजर) म्हणून आणि मेल तपासला जातो दुसऱ्याच युजरच्या नावाने. दोघांचे डेटाबेस वेगळे, त्यामुळे हजार मेल शिकवूनही उपयोग शून्य. शिकवणी घेणाऱ्या एसए-लर्न या कमांडला 'डंप मॅजिक' सांगितलं की स्पॅम किती आणि चांगले मेल किती शिकवले ते आकडे दिसतात. ज्या युजरच्या नावाने मेल तपासला जातो, त्याच युजरने हे आकडे बघा. फॉरवर्ड केलेला स्पॅमही शिकवू नका, कारण त्यात हेडर फॉरवर्ड करणाऱ्याचे असतात आणि फिल्टर तुमच्या मित्राचंच वळण शिकतं.

घाईघाईत स्पॅम ठरवायचा गुणांचा उंबरठा ५ वरून २ वर आणायचा मोहही टाळा. आधी मेलच्या हेडरमध्ये कोणत्या नियमाने किती गुण दिले ते वाचा. एकच नियम घोळ घालत असेल तर त्याचे गुण कमी करा.

मराठी मेल स्पॅममध्ये

हे खास आपल्यासाठी. भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट प्लगइन चालू करून मान्य भाषांत फक्त इंग्रजी ठेवलेली सेटिंग जशीच्या तशी उचलली, की सोसायटीच्या नोटिसपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्यांना जादा गुण पडतात. ते चालू ठेवायचंच असेल, तर 'एमआर', 'एचआय' आणि 'ईएन' तिन्ही कोड लिहा. नागपूरच्या मेलमध्ये मराठी-हिंदी-इंग्रजी एकाच परिच्छेदात नांदतात आणि रोमन लिपीतली मराठी ओळखणं या प्लगइनला झेपत नाही. माझं मत विचाराल तर ते बंदच ठेवा भाऊ.

ओळखीच्यांना मोकळीक देतानाही जपून. नुसत्या पत्त्यावरून सूट दिली, तर तुमच्याच डोमेनचं खोटं नाव लावून आलेला स्पॅम आरामात आत येतो. एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का ते तपासायच्या पद्धती) जुळलं तरच सूट देणारा पर्याय वापरा.

मशीन रात्री बंद

स्पॅमअसॅसिनच्या नियमांची अपडेट रात्री दोनच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) आणि डेस्कटॉप रात्री दहालाच बंद! असे कित्येक मशीन महिनोन्‌महिने जुन्याच नियमांवर चालतात. अॅनाक्रॉन लावा, तो हुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर करतो. अपडेटचा एक्झिट कोड १ आला तर घाबरू नका, नवीन काही नव्हतं एवढाच त्याचा अर्थ.

मे महिन्यात दुपारी लाइट गेली की लिहिता लिहिता मशीन बंद पडतं. मेल साठवायच्या एमबॉक्स पद्धतीत सगळा मेल एकाच फाइलीत असतो, ती अर्धवट राहू शकते. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते, म्हणून तेच घ्या. शिवाय सुरुवातीला फेचमेलला 'कीप' सांगा, नाहीतर आणलेला मेल सर्व्हरवरून पुसला जातो. जुन्या मशीनचा सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारा) संपला असेल तर लाइट आल्यावर घड्याळ चुकतं आणि सर्टिफिकेटची एरर येऊन मेल यायचाच थांबतो. तेव्हा पासवर्ड बदलत बसण्याआधी तारीख बघा.

पासवर्डचंच असेल, तर जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

प्रोव्हायडरचं स्पॅम फोल्डर विसरणं

पीओपी या मेल उचलायच्या पद्धतीने फक्त इनबॉक्स येतो. गिऱ्हाइकाची ऑर्डर प्रोव्हायडरनेच स्पॅममध्ये टाकली, तर तुमच्या डेस्कटॉपला तिचा पत्ताच लागत नाही आणि तुम्ही दोष देत बसता स्पॅमअसॅसिनला. आयमॅप या दुसऱ्या पद्धतीने ते फोल्डरही आणा आणि दोन्हींचा निवाडा एकाच ठिकाणी होऊ द्या.

हे सगळं झालं की स्पॅमअसॅसिनचा 'लिंट' चालवून सेटिंगमधल्या चुका तपासा. मग दुसऱ्या खात्यावरून स्वतःला जीट्यूबची (स्पॅम फिल्टर तपासण्यासाठीची) ठरलेली ओळ पाठवा. तिला स्पॅमअसॅसिन १००० गुण देतो. वाटेत प्रोव्हायडरनेच ती अडवली, तर तीच ओळ एका फाइलीत टाकून थेट स्पॅमअसॅसिनला द्या.