नॅचरल लॉ वाचताय? या चुका टाळा

दर रविवारी इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी पाच-सहा पोरं एथिक्स वाचायला येतात, बहुतेक भंवरकुआंला रूम घेऊन एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारी, आणि नवी बॅच आली की त्याच चुका नव्यानं, म्हणून आता लिहूनच टाकतो.

आधी शब्द. ‘नॅचरल लॉ’चं ‘नैसर्गिक कायदा’ केलं की डोक्यात गुरुत्वाकर्षण येतं नाहीतर जनावरांचं वागणं, आणि मग उत्तरात ‘निसर्गात असंच होतं म्हणून ते योग्य’. नॅचरल लॉ मांडणारे तेराव्या शतकातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस असं म्हणतच नाहीत. देवाच्या शाश्वत नियमात माणूस आपल्या बुद्धीनं सहभागी होतो, तो हा नियम. ‘प्रॅक्टिकल रीझन’ला व्यवहारबुद्धीही म्हणू नका, आपल्याकडे व्यवहारबुद्धी म्हणजे सराफ्यात भाव करता येणं. मी वहीत ‘काय करावं ते ठरवणारी बुद्धी’ असं लांबलचक लिहितो, पण घोळ होत नाही.

दुसरी चूक मला जास्त छळते. नॅचरल लॉ म्हणजे नियमांची तयार यादी, पाठ केली की झालं. आमच्यातल्या एकाकडे त्याच्या रूममेटनं बाइकची चावी ठेवायला दिली होती. रात्री तो पिऊन आला, चावी मागितली, यानं दिली. चौकात पडला तो, मनगट मोडलं. रविवारी हा खाली मान घालून म्हणतो, ‘काका, वस्तू त्याची होती, ठेव परत करायची असंच वाचलं होतं ना आपण.’ अरे, पुढचं वाक्य वाचलं नाहीस! अक्वायनसच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात, दुसऱ्या भागाच्या पहिल्या खंडात, प्रश्न ९४, कलम ४ मध्ये हेच उदाहरण आहे: ठेव परत करावी हे बहुतेक वेळा खरं, पण मालक ती देशाविरुद्ध लढायला मागत असेल तर परत करणं चूक. ‘चांगलं ते करावं, वाईट टाळावं’ हे पहिलं तत्त्व सगळ्यांना सारखं, पण जितकं तपशिलात उतराल तितके अपवाद वाढतात, आणि तिथे विवेकच लागतो. नोट्सवाले नेमका हाच भाग गाळतात कारण तो दोन ओळीत बसत नाही. मी आता मूळ कलम मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय कुणाला नोट्स उघडूच देत नाही.

तिसरी चूक स्वायत्ततेची, म्हणजे माणसाच्या बुद्धीनं स्वतःच नियम घालून घेण्याची. ती म्हणजे मनाला येईल ते नव्हे, जर्मन तत्त्वज्ञ कान्टकडेही नाही. आणि ‘चर्च विरुद्ध स्वायत्तता’ असा सामनाही लावू नका. जर्मन धर्मशास्त्रज्ञ अल्फोन्स आउअरनं १९७१ मध्ये कॅथलिक धर्मशास्त्राच्या आतूनच स्वायत्त नीती मांडली. १९९३ च्या ‘व्हेरिटाटिस स्प्लेंडोर’ या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल बुद्धीची रास्त स्वायत्तता मान्य करतात, फक्त बुद्धी मूल्यं स्वतः निर्माण करते हे नाकारतात. भांडण एवढ्याच जागी आहे, तिथेच बोट ठेवा.

‘ह्युमानाए विटाए’, म्हणजे कृत्रिम गर्भनिरोध नाकारणारं पोपचं परिपत्रक, म्हणजे अख्खा नॅचरल लॉ नव्हे.

सदसद्विवेकबुद्धी चुकली तरी बांधतेच, म्हणजे तिच्याविरुद्ध वागू नये, असं अक्वायनस म्हणतात, पण आपल्याच हलगर्जीपणानं चुकली असेल तर दोष आपल्यावर राहतो, ही दोन वाक्यं तोडून लिहू नका. त्या पोरानं ती वहीत एकाखाली एक लिहिली आहेत, त्याखाली चावीची तारीख.