वर्गात व्हिडिओ कॉन्फरन्स बसवताय? या चुका टाळा, आणि सुरुवात शेवटच्या बाकापासून करा

ऑगस्टमधली दुपार. कळव्यातल्या आमच्या शाळेत सातवी 'ब'चा वर्ग, पंचेचाळीस मुलं, आणि पडद्यावर एक खगोल-अभ्यासक बाई. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ७५ इंची पॅनल आणि वर कॅमेरा असं सगळं नवंकोरं बसवून दिलेलं. प्रश्न विचारायची वेळ आली तशी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. "शनीची कडी बर्फाची आहेत, तर वितळत का नाहीत?" पलीकडून आवाज आला, "पुन्हा सांगतेस का बाळा?" तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती "काही नाही" म्हणून खाली बसली. मी पॅनलजवळ जाऊन तिचा प्रश्न विचारला, उत्तरही छान मिळालं, पण ती वहीत बघत बसली होती.

तेव्हापासून या विषयात मी जरा जास्तच लक्ष घातलं. शाळेची तंत्रस्नेही शिक्षिका म्हणून ऐरोली, तुर्भे, नौपाडा आणि घोडबंदर रोडवरच्या ओळखीच्या शाळांतही वायरी ओढायला गेले. बहुतेक ठिकाणी एकच चूक दिसली: पैसा सगळा पडद्यावर, आणि मुलांच्या आवाजासाठी काहीच नाही.

माइक मुलांकडे न्या

पॅनलमधला किंवा कॅमेऱ्यातला माइक जवळचं चांगलं टिपतो. आमचा वर्ग २५ फूट लांब आहे. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजे माइकपासून ५ फुटांवर बसलेला मुलगा आणि २० फुटांवरची मुलगी सारख्याच आवाजात बोलली, तरी दोघांत १२ डेसिबलचा फरक पडतो. पंखा मात्र तेवढाच घरघरत असतो. वर्गात उभ्या असलेल्या मला तिचा प्रश्न कळला, कारण माणसाचा कान नको ते बाजूला सारून हवं ते ऐकतो. माइकला ते जमत नाही.

म्हणून पहिला खर्च हातोहात फिरणाऱ्या वायरलेस माइकचा करा. एक कॉलर माइक शिक्षकांना, एक हातातला मुलांना. दोन रांगांमागे एकेका मुलाला 'माइक पोचवणारा' नेमा; हे काम मिळावं म्हणून मुलं भांडतात, इतकं त्यांना ते आवडतं. बाकांवर चपटे माइक ठेवणार असाल तर खाली रबराची चकती हवीच, नाहीतर कंपासपेटी आपटल्याचा आवाज पलीकडे थेट कानात जातो. छताला लावायचे माइक मीटिंगच्या एसी खोलीत उत्तम चालतात. आपल्या वर्गात त्यांच्या सर्वांत जवळ पंखा असतो आणि मुलं लांब. विक्रेता कितीही आग्रह करो, आधी पंखे चालू ठेवून चाचणी मागा.

पंख्यांचं म्हणाल तर ऑक्टोबरच्या उकाड्यात पंचेचाळीस मुलांना बंद पंख्याखाली बसवू नका. बोलणाऱ्याच्या डोक्यावरचा तेवढा बंद करायचा, बाकीचे हळू. आमच्या शाळेमागून मध्य रेल्वेचे रूळ जातात. आम्ही रुळांकडच्या खिडक्या लावतो आणि मैदानाकडच्या उघड्या ठेवतो. एवढ्याने गाडी जाताना थांबावं लागणं जवळजवळ संपलं.

आता घुमण्याबद्दल. रिकाम्या वर्गात उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे शेपूट ऐकू आली तर माइकलाही प्रत्येक शब्दामागे तशीच शेपूट ऐकू येते. फरशी, ऑइलपेंटच्या भिंती आणि काचा मिळून हे होतं. अमेरिकेतल्या शाळांच्या मानकात साधारण आपल्या वर्गाएवढ्या खोलीसाठी घुमण्याचा काळ ०.६ सेकंद आणि रिकाम्या वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबल, ही कमाल मर्यादा दिली आहे. आपल्याकडच्या वर्गांचं ते गाठणं कठीण, पण त्या दिशेने जाता येतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे थर्माकोल. मुलांकडून रंगवून घेतलेले थर्माकोलचे पत्रे भिंतभर लावले, तरी आवाज फारसा शोषला जात नाही. मागच्या भिंतीवर जाड कापड लावलेला सॉफ्टबोर्ड आणि खिडक्यांना चुण्या ठेवून शिवलेले जाड पडदे यांनी फरक पडतो. स्वस्त फोम मात्र वर्गात अजिबात लावू नका. तो झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

"आमचाच आवाज आम्हाला ऐकू येतोय"

हे वाक्य पलीकडून आलं तर दोष आपल्याकडे आहे. त्यांचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघतो, आपल्या माइकमध्ये शिरतो आणि त्यांच्याकडे परत जातो. उलट आपल्याला आपलाच आवाज परत येत असेल, तर दुरुस्ती त्यांनी करायची. एवढं कळलं तरी दोन्हीकडची धावपळ वाचते.

आपल्याकडे हे बहुतेकदा दोन कारणांनी होतं. एक, एकाच वर्गात दोन यंत्रं मीटिंगमध्ये आलेली असतात: पॅनलचा संगणक, आणि फोटो काढायला म्हणून कुणा सरांचा मोबाइल. मग शिट्टीच वाजते. दुसरं कारण लवकर सापडत नाही. स्पीकर आणि माइक एकत्र असलेला डबा आपण विकत घेतो, प्रतिध्वनी कापायची सोय त्याच्यातच असते. पण लॅपटॉपला पॅनलची एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी वायर, जोडली की विंडोज कित्येकदा आवाज आपणहून पॅनलकडे वळवतं. आता माइक डब्याचा आणि स्पीकर पॅनलचा. पॅनलमधून काय वाजतंय हे डब्याला माहीतच नसतं, मग तो कापणार काय? मीटिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हीकडे त्याच डब्याचं नाव निवडा.

संगीताच्या तासाला वेगळीच अडचण आली. बाईंचं गाणं पलीकडे पोचत होतं, पण पेटीचा सूर मध्येच गायब व्हायचा. लांबलेला सूर म्हणजे नको असलेला आवाज, असं समजून सॉफ्टवेअर तो पुसत होतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की ते थांबतं. तास संपल्यावर मात्र आठवणीने बंद करा.

कॅमेरा

कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडे असलं की मुलांच्या जागी काळ्या सावल्या दिसतात. बाकांची दिशा फिरवा किंवा पडदा ओढा. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ निवडलेलं असणार; आपली वीज ५० हर्ट्झची, तेवढं बदलायचं. आणि फळ्यावरची अक्षरं मीटिंगमधल्या स्वतःच्या चित्रात उलटी दिसली म्हणून घाबरू नका. तो आरसा फक्त आपल्यापुरता असतो, पलीकडे सरळच दिसतं.

वायरी मोजून घ्या

तुर्भ्याच्या शाळेत कॅमेरा सकाळी दिसायचा आणि दुसऱ्या तासाला नाहीसा व्हायचा. दोनदा कॅमेरा बदलून झाला. केसिंग पट्टी उघडली तर आत १० मीटरची साधी यूएसबी वायर निघाली, मधे एक जोड देऊन केलेली. यूएसबी २.० ची साधी वायर ५ मीटरपर्यंतच भरवशाची, ३.० ची त्याहून कमी. त्यापुढे कॅट-६, म्हणजे नेटच्या वायरीवरून यूएसबी नेणारा एक्स्टेंडर लागतो. साधी एचडीएमआय साधारण १० मीटरपर्यंत ठीक चालते. त्यापुढे ऑप्टिकल घ्या, पण तिला दिशा असते: संगणकाकडचं टोक आणि पडद्याकडचं टोक वेगळं. भिंतीत गाडून झाल्यावर उलटी टाकल्याचं कळलं की रडू येतं, म्हणून गाडण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा.

माइकची वायर आणि विजेची वायर एकाच पट्टीत घालू नका, गुणगुण येते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवायला जोडपिन लावणं तर मुलांच्या जिवाशी खेळ आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी अर्थिंग तपासून घ्या.

नेट आणि वीज

"आमच्याकडे शंभरचा प्लॅन आहे," असं प्रत्येक शाळा सांगते. तो शंभर एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) हा आकडा बहुधा डाउनलोडचा, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या माहितीच्या वेगाचा असतो. आपला वर्ग पलीकडे दिसतो तो अपलोडवर, म्हणजे आपल्याकडून जाणाऱ्या वेगावर. आणि लागतं किती? झूमवर गटाच्या मीटिंगमध्ये ७२० पी, म्हणजे बऱ्यापैकी स्पष्ट चित्राला अपलोड साधारण २.६ एमबीपीएस. कमी पडतो तो वेग बहुधा नसतोच, कमी पडतं सातत्य. नौपाड्याच्या शाळेत दर मिनिटाला चित्र गोठत होतं. शोधता शोधता कळलं की जिन्यातले आणि फाटकावरचे सीसीटीव्ही त्याच लाइनवरून दिवसभर चित्रण क्लाउडवर चढवत होते. शिवाय मधल्या सुट्टीत सगळ्यांचे मोबाइल त्याच वायफायवर. वर्गातल्या संगणकाला राउटरपासून स्वतंत्र कॅट-६ वायर द्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

यूपीएस वर्गात बसवतात आणि राउटर ऑफिसमध्ये उघडाच राहतो. वीज गेली की संगणक चालू, नेट मात्र बंद. आधी यूपीएस राउटर आणि फायबरच्या डबीला द्या. वर्गातल्या ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर पॅनल टाकू नका, तो काही मिनिटांत झोपेल. त्यावर संगणक आणि माइक ठेवा. पडदा गेला तरी बोलणं सुरू राहतं. रस्ता खणताना फायबर तुटणं घोडबंदरच्या शाळेला नेहमीचंच, म्हणून दुसऱ्या कंपनीचा मोबाइल हॉटस्पॉट हाताशी हवा. तो वर्गात कोणत्या कोपऱ्यात धड पकडतो तेही आधी बघून ठेवा.

खात्याबद्दल थोडं. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांत मीटिंग बंद पडते, गूगल मीटवर तीन किंवा त्याहून जास्त जण जोडलेले असतील तर ६० मिनिटांत. पाहुणे उत्तराच्या मध्यावर असताना हे होतं. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे खातं एखाद्या सरांच्या खासगी नंबरवर असणं. सर निवृत्त होतात आणि ओटीपी त्यांच्या गावच्या घरी जातो. खातं शाळेच्या ईमेलवर आणि शाळेच्याच सिमवर काढा.

पावसाळ्याकडे दुर्लक्ष नको. आम्ही खाडीच्या काठी राहतो, इथली हवा दमट. कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशी येते आणि वायरींच्या टोकांना हिरवट थर चढतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळं चालू ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी माइकमधले सेल काढून ठेवा, पाझरले तर माइक गेलाच म्हणून समजा.

आणि रेकॉर्डिंगचं बटण. पालकांना विचारल्याशिवाय ते दाबू नये, असं मला मनापासून वाटतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांना बालक धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. आम्ही जूनमध्ये पहिल्याच पालकसभेत फॉर्म भरून घेतो. नको म्हणणाऱ्या पालकांची मुलं कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाजूला बसतात, आणि माइक त्यांच्यापर्यंतही जातो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही एकच चाचणी घेतो. ऐरोलीच्या शाळेतली माझी मैत्रीण पलीकडून जोडली जाते. पंखे चालू, मुलं जागेवर. शेवटच्या बाकावरचं कुणीतरी वर्तमानपत्रातली पाच वाक्यं नेहमीच्या आवाजात वाचतं, ओरडून वाचायचं नाही. मैत्रीण ती कागदावर उतरवते आणि फोटो पाठवते. पाचही बरोबर आली तरच वर्ग तयार. चार आली तर माइक आणखी जवळ नेतो आणि नवी पाच वाक्यं वाचतो.